घोरपडीचा समुद्रातला भाऊबंद

नागपूरला समुद्र नाही. झिरो माइलच्या दगडापाशी उभे राहून कुठल्याही दिशेला तोंड करा, खारे पाणी लागायला शेकडो किलोमीटर जावे लागेल. आमच्याकडच्या पुष्कळ माणसांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो सिनेमात. अशा गावातल्या एका कविता लिहिणाऱ्या माणसाने समुद्रातल्या प्राण्यावर बोलावे, आणि तोही सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी नाहीसा झालेल्या प्राण्यावर, याचे श्रोत्यांना नवल वाटेल. पण या प्राण्याचा आणि आपल्या मुलुखाचा संबंध तीन ठिकाणी येतो. त्याचा जिवंत नातेवाईक आपल्या शेताच्या बांधावर राहतो. तो ज्या गावात सापडला त्या गावाचे नाव आपल्या जमिनीखालच्या खडकांच्या काळाला लागलेले आहे. आणि तो संपला त्याच सुमारास आपल्या पायाखालचा काळा दगड तयार होत होता. या तीन गोष्टी आज क्रमाने सांगतो.

प्राण्याचे नाव मोसासॉरस. २०१५ साली आलेल्या ‘ज्युरासिक वर्ल्ड’ या चित्रपटात पाण्यातून उसळी मारून टांगलेला शार्क गिळणारे जनावर मुलांनी पाहिले असेल, तेच हे. चित्रपटवाल्यांनी त्याला वाजवीपेक्षा बरेच मोठे केले. खरा मोसासॉरस, म्हणजे त्यातली सर्वांत मोठी जात, बारा-तेरा मीटरची असावी. काही अभ्यासक याहून थोडे अधिक मानतात. म्हणजे आपल्या शहर बसएवढा. हेही कमी नाही. नुसता खालचा जबडा दीड मीटरहून लांब असल्याचे नमुने मिळाले आहेत.

हा डायनासोर नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. जुने आणि अवाढव्य दिसले की आपण सरसकट डायनासोर म्हणतो. डायनासोर वेगळ्या कुळातले. त्यांचे आजचे वारस म्हणजे पक्षी. मोसासॉरस त्या कुळातला आहे, ज्यात पाल, सरडा, सापसुरळी, घोरपड आणि साप येतात. या सगळ्या बिनविषारी-विषारी मंडळींना एकत्र बांधणारा रोजच्या वापरातला शब्द मराठीत नाही. आपण प्रत्येकाला वेगळ्या नावाने ओळखतो, कारण प्रत्येकाशी आपला व्यवहार वेगळा. पाल भिंतीवर चुकचुकते, सरडा कुंपणावर मान हलवतो, आणि घोरपड दिसली की माणसे दांडके शोधतात. आमच्या घरात तिला गोह म्हणत.

जमिनीवरून पाण्यात

सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी, क्रिटेशस नावाच्या काळात, घोरपडीसारखे दिसणारे काही छोटे प्राणी समुद्रकिनाऱ्यावर राहत होते. अन्न पाण्यात होते, म्हणून ते पाण्यात उतरू लागले. अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या डॅलस शहराजवळ १९८९ साली एका हौशी संग्राहकाला अशा एका प्राण्याची हाडे मिळाली. २००५ मध्ये त्याचे ‘डॅलासॉरस’ असे बारसे झाले. तो सुमारे नऊ कोटी वीस लाख वर्षांपूर्वीचा, मीटरभर लांबीचा आणि अजून पाय शाबूत असलेला होता. पुढच्या पिढ्यांमध्ये पायांची वल्ही झाली, बोटे कातडीत मिटली, अंग लांबट झाले. शेपटीचे काय झाले, यावर अभ्यासकांचा बराच काळ अंदाजच चालला होता. २०१३ साली जॉर्डनमधल्या एका जीवाश्माचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात शेपटीच्या मऊ भागाचा ठसा दगडात उमटलेला होता. त्यावरून कळले, की या कुळातल्या काही प्राण्यांच्या शेपटीला शार्कसारखा पंखा होता. म्हणजे ते नागमोडी वळवळत जाणारे राहिले नव्हते. शेपटीच्या फटक्यावर झेप घेत होते.

श्वास मात्र ते हवेतच घेत. देवमाशाप्रमाणे त्यांना वर यावे लागे. अंडी घालायला किनाऱ्यावर येणे या अंगाला शक्य नव्हते, म्हणून ती पिलांनाच जन्म देत. पोटात पिले असलेल्या माद्यांचे जीवाश्म मिळाले आहेत. तोंडात वर-खाली सुळ्यांसारखे दात, आणि शिवाय टाळूवर दातांच्या आणखी दोन ओळी. पकडलेले भक्ष्य निसटू नये, ते आतच सरकावे, यासाठी ही सोय. आजही आपल्या धामणीच्या किंवा अजगराच्या टाळूला अशा ओळी असतात. म्हणूनच मोसासॉरस घोरपडीला अधिक जवळचा की सापांना, हा वाद अभ्यासकांमध्ये अजून चालू आहे. चुलतभाऊ की मावसभाऊ एवढाच तो वाद आहे. घर एकच, याबद्दल दुमत नाही.

या घरातली एक वडीलधारी व्यक्ती आपल्या शेजारच्या राज्यात निघाली. गुजरातमधल्या ढोली डुंगरी गावाजवळ १९८० च्या दशकात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे धनंजय मोहबे यांना डायनासोरचे घरटे मिळाले होते. पुढे २००१ मध्ये अमेरिकन अभ्यासक जेफ्री विल्सन यांच्या लक्षात आले, की अंड्यांभोवती जी हाडे आहेत त्यातली काही डायनासोरची नाहीत. तो साडेतीन मीटरचा साप होता. अंड्याला वेटोळे घालून तो बसला होता आणि जवळच नुकतेच बाहेर आलेले अर्ध्या मीटरचे पिल्लू. वादळात की दरड कोसळून, सगळे एकदमच गाडले गेले. २०१० साली या सापाला ‘सानाजेह’ हे संस्कृतवरून घडवलेले नाव मिळाले. समुद्रात मोसासॉरस फिरत होते, त्या दिवसांत त्यांचे जमिनीवरचे नातलग काय करत होते, हे त्या एका दगडाने दाखवले.

मास्ट्रिक्टची खाण

आता दुसरी गोष्ट. युरोपात नेदरलँड्सच्या दक्षिण टोकाला मास्ट्रिक्ट नावाचे शहर आहे. त्याच्या कुशीत सेंट पीटर टेकडी, आणि टेकडीच्या पोटात मऊ चुनखडीच्या खाणी. पिढ्यान्‌पिढ्या मजूर तिथे बांधकामाचा दगड कापत आले. १७६४ ते १७८० या काळात त्या अंधाऱ्या बोगद्यांत दोन प्रचंड कवट्या निघाल्या. पहिली आज हार्लेम शहरातल्या टायलर्स संग्रहालयात आहे. दुसरीने इतिहास घडवला.

ही दुसरी कवटी खाणीवरच्या जमिनीचे मालक असलेले धर्मोपदेशक गोदां यांच्याकडे गेली. १७९४ मध्ये फ्रेंच क्रांतीच्या सैन्याने मास्ट्रिक्ट घेतले आणि कवटी पॅरिसला नेली. ती शोधून देणाऱ्याला सहाशे बाटल्या दारूचे बक्षीस जाहीर झाले होते, अशी मजेदार कथा तेव्हाच्याच एका फ्रेंच ग्रंथकाराने लिहून ठेवली आहे. इतिहासकारांचा तिच्यावर विश्वास नाही. कवटी मात्र खरी, आणि ती आजही पॅरिसच्याच संग्रहालयात आहे.

हे जनावर कोणते? मास्ट्रिक्टचे लष्करी शल्यवैद्य होफमान म्हणाले, मगर. नामांकित शरीरशास्त्रज्ञ पेत्रुस कांपर यांनी १७८६ मध्ये लिहिले, देवमासा. १७९९ मध्ये त्यांच्याच मुलाने, आद्रियान कांपर याने, हाडे पुन्हा तपासली आणि वडिलांचे मत बाजूला ठेवून सांगितले, की हा घोरपडीच्या जातीचा प्राणी आहे. १८०८ मध्ये थोर फ्रेंच शास्त्रज्ञ जॉर्ज क्युव्हिए यांनी मुलाच्या बाजूने निकाल दिला. जबड्याची ठेवण, मणके, दात यांवरून त्यांनी हे ठरवले. १८२२ साली विल्यम कॉनिबेअर या इंग्रजाने नाव दिले मोसासॉरस. मास्ट्रिक्टवरून वाहणाऱ्या नदीचे लॅटिन नाव मोसा. ‘सॉरस’ म्हणजे सरडा. मोसा नदीचा सरडा. १८२९ मध्ये पुढे जातीचे नाव जोडले गेले ते होफमान यांचे. ज्यांनी त्याला मगर म्हटले, त्यांच्याच नावाने तो आज ओळखला जातो.

या निकालाचे महत्त्व नावापुरते नव्हते. एवढी मोठी घोरपड जगात कुठेही जिवंत नव्हती. मग ती गेली कुठे? त्या काळी बहुतेकांची समजूत अशी, की जे एकदा निर्माण झाले ते कायमचे नाहीसे होत नाही. कुठल्या तरी दूरच्या समुद्रात सापडेलच. क्युव्हिए म्हणाले, नाही, प्राण्यांच्या जाती समूळ नष्ट होतात. हत्तीच्या जातीतल्या जुन्या हाडांवरून हे त्यांनी १७९६ पासून मांडले होतेच. मोसासॉरस हा त्याचा मोठा साक्षीदार ठरला. ‘नामशेष’ हा शब्द आज आपण किती सहज वापरतो. तो माणसाच्या विचारात दोन-सव्वादोनशे वर्षांपूर्वीच आला, आणि तो येण्यात एका घोरपडीच्या नातेवाइकाचा वाटा आहे.

सीताबर्डीची टेकडी

मास्ट्रिक्ट आणि नागपूर यांचा संबंध इथे येतो. १८४९ मध्ये आंद्रे द्युमाँ या बेल्जियन भूशास्त्रज्ञाने क्रिटेशस काळाच्या अखेरच्या भागाला या गावावरून ‘मास्ट्रिक्टियन’ असे नाव दिले. आजच्या हिशेबाने तो काळ सुमारे ७ कोटी २० लाख ते ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. जगात कुठेही त्या वयाचा खडक मिळाला, की त्याला हेच नाव लागते. आपल्या नागपूर-चंद्रपूर भागात काळ्या दगडाच्या खाली चुनखडी, वाळू आणि मातीचा जो थर आहे, ज्याला जबलपूरच्या एका ठिकाणावरून लॅमेटा म्हणतात, तो याच मास्ट्रिक्टियन काळातला. मास्ट्रिक्टला तळाशी समुद्राचा चुना साचत होता, तेव्हा आपल्याकडे नद्या आणि तळी गाळ टाकत होती. तिकडे समुद्रातले प्राणी गाडले गेले, इकडे जमिनीवरचे.

हे इकडचे प्रथम ओळखले ते स्टीफन हिस्लॉप यांनी. ज्यांच्या नावाचे महाविद्यालय नागपुरात १८८३ पासून आहे, तेच हे स्कॉटिश मिशनरी. धर्मप्रसारासाठी आलेला हा माणूस मोकळ्या वेळी हातोडी घेऊन टेकड्या हिंडे. सीताबर्डीची टेकडी, टाकळी, चंद्रपूरकडचे पिसदुरा ही त्यांची ठिकाणे. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांनी लिहिलेला नागपूर परिसराच्या भूशास्त्रावरचा निबंध १८५५ मध्ये लंडनला छापला गेला. १८६३ मध्ये टाकळघाटजवळची प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना पुराच्या पाण्यात ते बुडाले.

वरोरा तालुक्यातल्या पिसदुऱ्याच्या शेतांत डायनासोरची हाडे तर मिळालीच, शिवाय दगड झालेली विष्ठाही मिळाली. २००५ मध्ये वंदना प्रसाद, अशोक साहनी आदी संशोधकांनी त्या विष्ठेत गवताचे सूक्ष्म कण असल्याचे दाखवले. तोवर समज असा होता, की डायनासोरच्या काळी गवत उगवलेच नव्हते. नांगराच्या फाळाला लागणारा एक गोटा जगाच्या पाठ्यपुस्तकातले वाक्य बदलू शकतो. मास्ट्रिक्टने आपली खाण सांभाळली, तिथे १९९८ मध्येही या कुळातल्या एका मोठ्या प्राण्याचा सांगाडा निघाला. हिस्लॉप यांची टाकळी आज शहराच्या पोटात आहे. तिथल्या दगडांत मासे आणि बेडूक होते. शेजारच्या वस्तीचे नाव गिट्टीखदान. त्या दगडाचे काय झाले, ते नावातच आहे.

काळा दगड

तिसरी गोष्ट या दगडाचीच. आमच्या मनीषनगरात घराचा पाया खणायला घेतला, की वर काळी माती, मग मुरूम, मग काळा दगड. विदर्भातला कापूस आणि संत्री ज्या मातीवर पिकतात ती याच दगडाची झीज. हा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा. भारत तेव्हा आशियाला जोडलेला नव्हता. विषुववृत्ताच्या दक्षिणेकडे, चारही बाजूंनी समुद्र असलेले ते एक मोठे बेट होते. जमिनीला लांबच लांब भेगा पडून लाव्हा वाहत राहिला, थरावर थर साचले. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश या दगडाने झाकलेला आहे. पश्चिमेला सह्याद्रीत त्याची जाडी दोन किलोमीटरच्या आसपास जाते. नागपूर त्याच्या पूर्वेकडच्या काठावर, म्हणून इथे थर पातळ. मुख्य उद्रेक साडेसात लाख वर्षांच्या आसपास चालले, आणि त्यांच्या मधोमध केव्हातरी ती तारीख येते जिच्यानंतरच्या कुठल्याही खडकात मोसासॉरस नाही.

त्या तारखेला, ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, आजच्या मेक्सिकोच्या किनाऱ्यावर सुमारे दहा किलोमीटर व्यासाचा लघुग्रह आदळला. त्याने केलेला खड्डा जवळपास १८० किलोमीटर रुंद आहे. १९८० मध्ये लुइस आणि वॉल्टर आल्व्हारेझ या पितापुत्रांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी इरिडियम धातूच्या थरावरून असा आघात झाल्याचे मांडले. आज बहुतेक शास्त्रज्ञ त्यालाच मुख्य कारण मानतात. आपल्या दख्खनच्या ज्वालामुखीचा त्या संहारात वाटा किती, यावर वाद आहे. गेर्टा केलर यांच्यासारखे काही जण तो फार मोठा मानतात.

महाकाय प्राणी मेला कशाने? त्याच्या अंगावर काही पडले नाही. धूळ आणि काजळीने सूर्य झाकला गेला. उजेड नाही म्हणून पाण्यातल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती मेल्या. त्यांच्यावर जगणारे बारीक जीव मेले, मग मासे आणि शंखवाले प्राणी, आणि सगळ्यांच्या वर बसलेल्या मोसासॉरसला खायला काही उरले नाही. ज्याचे पोट मोठे, तो पहिल्यांदा उपाशी. दुष्काळात वाड्यापेक्षा झोपडी कमी खर्चात चालते, तसे लहान प्राणी तगले. बिळात राहणारे, मिळेल ते खाणारे, महिनोन्‌महिने थोडक्यात भागवणारे. साप तगले. घोरपडीचे पूर्वज तगले.

यात एक चुटपुट लावणारी गोष्ट आहे. नागपूरहून सव्वाशे किलोमीटरवर छिंदवाडा. त्या जिल्ह्यातल्या झिलमिली गावी लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये सागरी सूक्ष्मजीवांचे कवच मिळाले. केलर, साहनी, मोहबे आदींनी २००९ मध्ये यावरून असे मांडले, की नर्मदा-तापीच्या खोलगट पट्ट्यातून समुद्राचा एक फाटा इतक्या आत आला होता. म्हणजे आमच्या जवळपास एकदा समुद्र आला होता तर! पण ते कवच आघातानंतरच्या, अगदी सुरुवातीच्या दिवसांतले आहे. समुद्र आमच्या दाराशी आला, तेव्हा त्यातला मोसासॉरस संपलेला होता.

बांधावरचा वारस

आता उरला तो नातेवाईक. मराठी माणसाला घोरपड ठाऊक असते ती सिंहगडाच्या कथेतून. तानाजीने यशवंती नावाच्या घोरपडीला दोर बांधून कडा चढला, ही दंतकथा आहे असे इतिहासकार सांगतात. पण घोरपडीच्या नखांची पकड लोकांनी डोळ्यांनी पाहिली होती, म्हणून ती कथा टिकली. घोरपडे हे आडनावही आपल्यात मानाने वागते.

प्रत्यक्षात मात्र आपण तिला फारसे मानाने वागवत नाही. मांसासाठी, कातड्यासाठी, तेलासाठी ती मारली जाते. पूजेच्या सामानात ‘हत्थाजोडी’ नावाची एक वस्तू विकली जाते. दोन हात जोडल्यासारखी दिसणारी ही दुर्मीळ झाडाची मुळी आहे, ती घरात ठेवली की लक्ष्मी येते, असे सांगतात. ती मुळी नसून नर घोरपडीचे वाळवलेले जननेंद्रिय असते. २०१७ मध्ये देशात ठिकठिकाणी छापे पडले तेव्हा हे सगळ्यांसमोर आले. घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीला. तिला मारणे किंवा तिचा कुठलाही अवयव जवळ ठेवणे हा गुन्हा आहे, मग तो देवघरात का असेना.

शहर वाढते आहे. मनीषनगरच्या पुढे बेसा-बेलतरोडीकडे जिथे शेते होती, तिथे लेआउट पडले. बांध गेले, बिळे बुजली, आणि पावसाळ्यात एखादी घोरपड कंपाउंडच्या भिंतीशी येऊन बसते. लोक घाबरतात, ‘विषारी आहे, चावली की सुटत नाही’ म्हणून ओरडतात. आपल्याकडच्या घोरपडीच्या चाव्याने माणूस दगावत नाही. ती उंदीर, किडे, अंडी आणि मेलेली जनावरे खाते, म्हणजे आपलीच घाण काढते. तिला वाट दिली तर ती स्वतःहून जाते. नाहीच गेली, तर जवळच्या सर्पमित्राला किंवा वनखात्याला कळवावे.

मोसासॉरसच्या मरणात कोणाचा दोष नव्हता. आकाशातून दगड आला, जमिनीतून आग आली. त्याला न विचारता दोन्ही आले. त्याच्या कुळातली ही एक शाखा त्या दोन्हींतून वाचली. लाव्हा थिजला, त्याची माती झाली, त्या मातीत तिने बीळ केले. सहा कोटी साठ लाख वर्षे जिने काढली, तिला आपल्या हातून एका काठीने किंवा पाचशे रुपयांच्या हत्थाजोडीने संपवायचे की नाही, एवढाच निर्णय आपल्याकडे आहे. तो मोठ्या लोकांनी घ्यायचा नाही. ज्याच्या कंपाउंडमध्ये ती येईल, त्याने घ्यायचा आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)